तुमच्या वर्गातला गलका

शोभाताई,

शोकसभेत केंद्रप्रमुखांनी तुम्हाला 'शांत आणि संयमी शिक्षिका' म्हटलं, तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला रडू आलं. शेजारच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हातही ठेवला. खरं सांगते, मी हसू दाबत होते. तुम्ही आणि शांत? फाट्यावर उतरून तांड्याकडे चालू लागलं, की आधी तुमचा वर्ग ऐकू यायचा आणि मग शाळा दिसायची. तुम्ही तिथे असता तर कोपरानं मला ढोसून म्हणाला असता, "मीना, हे कोनाबद्दल बोलून राह्यले वं?" घरी येताना रस्ताभर ते वाक्य माझ्या कानात होतं. हसू काही आवरेना, आणि मग पुसदच्या वेशीवर आल्यावर रडू आवरेना.

मी पांढरकवड्याकडच्या शाळेतून बदली होऊन इथे रुजू झाले तो दिवस आठवतो. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षिका. पहिली-दुसरी तुमची, तिसरी-चौथी माझी. मी व्हरांड्यात आले तर तुमच्या खोलीत एक पोरगी खिडकीत चढलेली, एक पोरगा पाण्याच्या रिकाम्या ड्रममध्ये उभा, आणि बाई कुठेच नाहीत. मला वाटलं, वर्ग वाऱ्यावर सोडून ह्या गेल्या कुठे. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "व्हेअर इज मॅडम?" सगळी पोरं ओरडली, "अंडर द टेबल!" आणि तुम्ही साडीचा पदर सावरत, गुडघे धरत बाहेर आलात. माझ्याकडे बोट दाखवून पोरांना विचारलंत, "अँड न्यू मॅडम?"

"इन द डोअर," पोरं म्हणाली.

"अ‍ॅट द डोअर," मी म्हटलं. शाळेत पाऊल टाकल्यावर बोललेले माझे पहिले शब्द.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग उंबऱ्यावरच्या माझ्या पायांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "दारातच तर उभ्या हा तुमी. मंग इनच झालं ना." आपलं भांडण तिथेच सुरू झालं. रामराम नंतर झाला.

त्या भांडणाला तसा शेवट नव्हताच. माझं म्हणणं साधं होतं. मुलांना अक्षरं आली पाहिजेत, शब्द लिहिता आले पाहिजेत, वाक्य बरोबर आलं पाहिजे. मी बोरी अरबच्या शेतकऱ्याची पोरगी. सरांच्या धाकानं स्पेलिंगं पाठ करत शिकले आणि त्यावरच नोकरीला लागले. तुम्ही पुसदकडच्याच एका तांड्यात वाढलात. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. पहिलीतलं तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं, ते तुम्ही एकदाच सांगितलंत. गुरुजी काय बोलतात ते कळायचं नाही, म्हणून तुम्ही सगळ्यालाच 'हो' म्हणायचात. 'कोण बोललं?' याला हो, 'मार पाहिजे का?' यालाही हो.

"या लेकराईले मराठीबी नवी अन् इंग्रजीबी नवी," तुम्ही म्हणायचात. "दोन्हीबी पाव्हण्या. मंग एकीलेच काहून भ्यायचं?"

म्हणून तुमच्या वर्गात कुणी भीत नसे. पोरं आधी 'याडी' म्हणायची, मग 'आई', मग 'मदर', आणि तीन भाषांत तीन वेगळ्या आया असल्यासारखी तीन वेगळ्या सुरांत हाका मारायची. रंग शिकवायचे तर तुम्ही वर्ग बाहेर काढायचात. "समथिंग यलो" म्हटलं की सगळी पोरं जिकडे पिवळं दिसेल तिकडे पळत सुटायची. एकानं शेजारच्या घराच्या वाळवणातली हळकुंडं आणली होती, तिथली म्हातारी काठी घेऊन मागे. तुम्ही त्याच्याकडून हळद घेतलीत, पोरांना दाखवलीत, 'व्हेरी गुड' म्हणालात आणि मग तिला देऊन टाकलीत. म्हातारी जाता जाता स्वतःशीच 'यलो, यलो' म्हणत गेली.

आणि तो नायकाचा खेळ. बाई जे सांगतील ते करायचं, पण आधी अमक्याचं नाव घेतलं असेल तरच करायचं. नाव न घेता सांगितलं आणि कुणी केलं, की तो बाद. हा खेळ प्रशिक्षणात आपल्याला शिकवला होता, त्यात नाव कुठल्या तरी परदेशी माणसाचं होतं. तुम्ही म्हणालात, या पोरांनी त्याचं कायले ऐकावं, तांड्यात ऐकतात ते नायकाचं. तांड्याचा प्रमुख तो नायक, त्याचा शब्द खाली पडत नाही. तेव्हापासून तुमच्या वर्गात सुरू झालं, "नायक सेज, सिट डाऊन. नायक सेज, टच युवर नोज." आणि मग हळूच, नाव न घेता, "स्टँड अप." निम्मा वर्ग उभा राहून बाद.

ही गोष्ट खऱ्या नायकाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. पांढरं धोतर, लाल फेटा, हातात काठी, असे ते एका दुपारी शाळेत आले. आपल्या नावानं पोरांना नाक धरायला कोण लावतं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी घाबरले. तुम्ही मात्र त्यांना खुर्ची दिलीत, गोरबोलीत काहीतरी समजावलंत आणि म्हणालात की आजपासून हुकूम तुम्हीच द्या. नायक बराच वेळ काठी फिरवत बसले. मग पोरांकडे बघून भारदस्त आवाजात म्हणाले, "बेस." गोरबोलीत बेस म्हणजे खाली बस. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. नायकानं स्वतः सांगितलं म्हणजे बसायचं, पण 'नायक सेज' तर म्हटलं नाही. मग तुमच्या पहिलीतली आरती, सगळ्यात लहान, उठून त्यांच्यासमोर गेली आणि गंभीरपणे म्हणाली, "आजा, पैलं 'नायक सेज' म्हना ना."

नायक हसले. तांड्यात त्यांना हसताना पाहिलेलं फारसं कुणी नाही. त्यानंतर ते अधूनमधून येतच राहिले. तुम्ही म्हणायचात, इंग्रजीला नाही, हुकमाला येतात.

मी हे सगळं दोन खोल्यांमधल्या दारातून ऐकत असे आणि माझ्या पोरांना म्हणत असे, लिहा. मधल्या सुट्टीत आपण एकमेकींचा डबा खात भांडायचो. तुमची जाड बाटी आणि मिरचीचा ठेचा माझ्याकडे, माझी वांग्याची भाजी तुमच्याकडे. एकदा पोरगं धावत आलं आणि म्हणालं, "टीचर, गोट पेपर ईट." बकरीनं माझ्या वर्गाच्या चाचणीचे कागद खाल्ले होते. मी त्याला थांबवून वाक्य नीट करायला लावलं. तुम्ही तोवर उठून बकरीमागे पळत सुटलात. परत आल्यावर धापा टाकत म्हणालात, "तुह्यं व्याकरण होईपावतर बकरी पुरा गठ्ठा खाऊन गेली असती."

"पण वाक्य चुकीचं होतं," मी म्हटलं.

"बकरी तर बरोबर समजली ना तुले," तुम्ही म्हणालात. "आपन बोलाले शिकलो, तवा मायनं स्पेलिंग इचारलं होतं काय?"

मी म्हटलं, मायला चौथीची परीक्षा घ्यायची नव्हती. तुम्ही म्हणालात, तेही खरं. पण हार मानल्यासारखं म्हणाला नाहीत.

मग ती पिवळी गाडी आली. पुसदच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची. सकाळी तांड्याच्या चौकात हॉर्न वाजायचा आणि टाय लावलेली दोन-तीन पोरं चढायची. पुढच्या वर्षी आणखी काही. आपला पट घसरला. आणखी घसरला तर शाळा दुसऱ्या गावाच्या शाळेला जोडतील, असं बोललं जाऊ लागलं. दुसरं गाव नाल्यापलीकडे. पावसाळ्यात पहिलीची पोरं तिथे जाणार कशी, आणि पोरींना तर कुणी पाठवणारच नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. आरतीचा बाप विलास, कापूस आणि तूर पिकवणारा, तांड्यात मान असलेला माणूस. त्यानं आपल्या थोरल्या मुलाला, करणला, गाडीत बसवलं होतं. आता आरतीचंही नाव काढायचं म्हणत होता. तो तुम्हाला तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमच्या इथं नुसतं खेळनं चालते. इंग्रजी कुठं हाय?"

मी म्हटलं, आपण पालकसभा घेऊ, फलक लावू, मुलांच्या वह्या दाखवू. तुम्ही म्हणालात, वह्या वाचणार कोण. आणि तुम्ही बाजार मांडलात.

शाळेच्या आवारात पोती अंथरली. पोरांनी घरून कांदे, वांगी, मिरच्या, बोरं, तुरीच्या शेंगा आणल्या. पैशाच्या जागी चिंचोके. तांड्यातल्या सगळ्यांना बोलावणं गेलं. अट एकच, दुकानदार इंग्रजीशिवाय बोलणार नाही. आधी बाया आल्या, पदर तोंडावर धरून हसत. आरतीची आई कमलाबाई आपल्याच पोरीच्या दुकानापुढे उकिडवी बसली आणि कांद्याला हात घालायला लागली. आरतीनं कांदा मागे ओढला.

"व्हॉट डू यू वाँट?"

कमलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. तुम्ही त्यांच्या मागे जाऊन कानात काहीतरी सांगितलंत. त्या म्हणाल्या, "आनियन."

"से प्लीज," आरती म्हणाली.

बाया पोट धरून हसल्या. कमलाबाईंनी 'पिलीज' म्हटलं, कांदा घेतला आणि तो सगळ्यांना हात उंच करून दाखवला. मग जी झुंबड उडाली ती तुम्हालाही आवरेना. एका बाईनं घासाघीससुद्धा केली. 'टू मच, टू मच' एवढेच शब्द तिला कुठूनसे येत होते, आणि तेवढ्यावर तिनं वांग्याचा भाव अर्ध्यावर आणला.

विलास कुंपणाशी उभा राहून बघत होता. शेजारी टाय लावलेला करण. गाडीतून नुकताच उतरला होता. त्याला आत यायचं होतं, ते त्याच्या पायांवरून दिसत होतं. तुम्ही त्याला हात धरून आणलंत. बहिणीनं त्याला विचारलं, "व्हॉट डू यू वाँट?" तो एकदम ताठ उभा राहिला आणि सगळ्या वारांची नावं न चुकता घडाघडा म्हणून मोकळा झाला. मी मनात म्हटलं, बघा, टायवाल्या शाळेत काय शिकवतात ते आता कळेल सगळ्यांना. तुम्ही माझ्या तोंडावरचं वाचलंत आणि डोळे वटारलेत. मग टाळ्या वाजवल्यात, मोठ्यानं. सगळ्यांना वाजवायला लावल्यात. "व्हेरी गुड करण. नाऊ, टुडे इज मार्केट डे. यू वाँट बोरं?" पोरानं मान हलवली. "से, आय वाँट." आणि तासाभरात तो दुकानाच्या पलीकडच्या बाजूला बसून चिंचोके गोळा करत होता, टाय खिशात.

विलास शेवटी आत आला. म्हणाला, "बोलतेत, मानलं. पन मॅडम, लिव्हनं बी होईन ना?"

तुम्ही माझा दंड धरून मला पुढे केलंत. "लिव्हन्यासाठी ही हाय. हिच्या हातातून कोनी सुटत नाही."

शोभाताई, इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं तुम्ही बोललेलं ते एकमेव वाक्य. मी तुम्हाला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मला वाटलं, म्हटलं तर तुम्ही परत घ्याल.

सगळी पोरं परतली असं नाही. पिवळी गाडी अजून येते. पण आरती राहिली, आणखी काही घरांनी पोरं ठेवली, आणि शाळा आहे तिथे आहे.

आणखी एक तुम्हाला सांगायचं राहिलं. माझी मुलगी रेवा लहान होती तेव्हा इंग्रजीत तोंड उघडायची नाही. शाळेत बाईंनी विचारलं की रडायची. मी तिच्या पुढ्यात पुस्तक ठेवलं, तर आणखी रडायची. एका रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि काय सुचलं कुणास ठाऊक, लाटणं पाठीमागे लपवून विचारलं, "व्हेअर इज द लाटणं?" तिनं शोधलं. मग मी विचारायची आणि ती ओट्याखाली, पलंगावर, पिठाच्या डब्यात हात घालून सांगायची. पोळ्या करपल्या, रेवा बोलली. आता ती कॉलेजात वादविवादाला उभी राहते. हे तुम्हाला सांगायला किती वेळा तोंडाशी आलं. पण दुपारी भांडणात मी दुसऱ्या बाजूला असायचे, तेव्हा तुम्हाला एवढं मोठं हत्यार हातात कसं द्यायचं? आता घ्या.

पोटाचं दुखणं तुम्ही फार दिवस लपवलंत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वेळ निघून गेली होती. दिवाळीआधी मी पुसदला तुमच्या घरी आले होते. तुम्ही उशीला टेकून पडला होतात, चेहरा एवढासा झालेला. माझी वर्गाविषयी सांगायची तयारी नव्हती, पण तुम्ही दुसरं काही ऐकूनच घेईनात. मी म्हटलं, तुमच्या दुसरीला सध्या मीच प्राण्यांच्या नावांचं स्पेलिंग लिहायला लावते आहे. तुम्ही हातावर जोर देऊन उठून बसलात.

"बैलाचं स्पेलिंग लिव्हून राह्यले अन् बैल बाहेर उभा हाय," तुम्ही म्हणालात. "बाहेर ने वं त्याईले."

मी म्हटलं, तुम्ही पडा, बऱ्या होऊन या, मग ठरवू. तुम्ही म्हणालात, "ठरवाचं कायले? भांडू." आणि हसलात. तुमच्या मुलानं मला खुणेनं सांगितलं, आता त्यांना दमू देऊ नका. मी उठले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, पण हात माझ्या हातातून लगेच सोडवला नाहीत. मला वाटतं तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, येते. तुम्ही म्हणालात, "ये."

तेरवी झाल्यावरच्या सोमवारी मी दोन्ही खोल्यांमधलं दार काढून ठेवलं आणि चारही वर्ग एकत्र बसवले. नवीन शिक्षक अजून आलेले नाहीत. तुमची पोरं भिंतीला टेकून गप्प बसली होती. मी फळ्यावर तारीख लिहिली. पुढे काय करायचं ते मला सुचेना.

तेवढ्यात रस्त्यावर धडधड झाली. विलासच्या वावरात बोअर घ्यायला मोठी गाडी आली होती. अशा गाड्यांवर तमिळनाडूची माणसं असतात, तुम्हाला माहीत आहे. एक काळासावळा तरुण रिकामी कॅन घेऊन शाळेच्या फाटकात आला. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. चौकात दोन-तीन माणसांनी त्याच्याशी हातवारे करून पाहिले असावेत, कारण तो वैतागलेला दिसत होता. मी उठायच्या आत आरती उठली. आता तिसरीत आहे ती. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"व्हॉट डू यू वाँट?"

तो चमकला. मग म्हणाला, "वॉटर. ड्रिंकिंग वॉटर."

"कम," ती म्हणाली. "नो दिस टाकी. दिस बॅड. दॅट गुड." पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे त्याला घेऊन गेली. पाठोपाठ तुमची सगळी पोरं. कॅन भरेपर्यंत त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, गाडी कितीची ते विचारलं, लग्न झालं का तेही एकानं विचारलं. तो हसत हसत उत्तरं देत होता. घरापासून इतक्या लांब त्याच्याशी कुणी इतकं बोललं नसावं.

जाताना त्यानं आरतीला विचारलं, "हू टीच यू इंग्लिश?"

"शोभा मॅडम," ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बोट केलं. आरतीनं मान हलवली, नाही, ह्या नाहीत. "व्हेअर?" त्यानं विचारलं.

ती थांबली. तिला शब्द येत नव्हता. तुम्ही तो कधी शिकवला नव्हता, आणि शिकवणार तरी कशाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला शब्द येत होता, पण माझ्या तोंडून निघेना. मग तिनं हजेरीतला शब्द घेतला.

"शोभा मॅडम इज अ‍ॅबसेंट."

त्यानं 'ओके' म्हटलं, कॅन खांद्यावर घेतली आणि निघून गेला. आरती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "मॅडम, बरोबर बोलली ना म्या?"

मी म्हटलं, "बरोबर."

मग मी सगळ्यांना विलासच्या वावरात बोअर पाहायला नेलं. वही-पेन्सिल कुणी घेतली नव्हती, मीही सांगितलं नाही. दुपारनंतर पाणी लागलं. आधी चिखल उसळला, आणि आम्ही सगळेच नको तितके जवळ उभे होतो. पोरं डोक्यापासून पायापर्यंत माखून घरी गेली. उद्या त्यांच्या याड्या शाळेत भांडायला येतील.